आलंगेलं

“आजोबा, या महिन्याचं आलंगेलं संपलं,” मीनल म्हणाली, आणि मोरीत धुण्यावर ओणवलेल्या तुळशीचा हात साबणासकट थांबला. पोरीचा आवाज पाढे म्हणावेत तसा खणखणीत. त्यात ना लाज, ना वाईटपणा. स्टोव्हवर दूध नुकतंच वर आलेलं, दहा बाय अकराच्या खोलीभर त्याचा वास, आणि दारात उभा तुळशीचा बाप जनू, चामटोलीहून सकाळच्या उन्हात आलेला, दोन्ही खांद्यांना दोन पिशव्या. “काय संपलं गो?” त्याने विचारलं. “आलंगेलं. महिन्याला वीस चहा असतात पाहुण्यांचे. बघा ना, वीस रेघा झाल्या.” पोरीने वही काढून त्याच्या हातात दिलीसुद्धा. म्हाताऱ्याने वही नाकाशी नेली, मग हात लांब करून धरली आणि मान हलवली. “बरोबर हाय. वीसच हायती.” वही त्याने उलटी धरली होती. तुळशी पदराला हात पुसत बाहेर आली तेव्हा तिने ते पाहिलं, पण तिची कानशिलं अशी तापली होती की पाहूनही डोक्यात काही शिरलं नाही. “बाबा, बसा हो. चहा टाकते.” “नको गो. सहज आलू व्हतो. शिवरामचं काम व्हतं इकरं, म्हनून डोकावलू. जाताव आता.” शिवराम म्हणजे तिचा भाऊ, त्याचं अंबरनाथला कसलं डोंबलाचं काम असणार! एक पिशवी बापाने भिंतीशी टेकवली, दुसरी खांद्यावरून उतरवलीच नाही. नातीच्या डोक्यावर हात ठेवायला गेला तो आधी बाजूला हवेत पडला, मग डोकं सापडलं. आणि गेला. पाणीसुद्धा न पिता.

थांबवायला तिने तोंड उघडलं होतं. ‘बाबा, ती लहान आहे, मनावर घेऊ नका’ हे वाक्य अगदी ओठावर आलं होतं, पण ते सपशेल खोटं होतं. मीनल नऊ वर्षांची, चांगली समजती. तिने जे सांगितलं ते तुळशीनेच शिकवलेलं. खरं तर थोडं वेगळं शिकवलं होतं: वीस रेघा भरल्या की कुणी आलं तर ‘दूध संपलं’ म्हणायचं. पण गेल्याच आठवड्यात शाळेच्या वहीवरून थाप मारली म्हणून तुळशीने तिला चांगलं झापलं होतं, या घरात पुन्हा खोटं बोलायचं नाही म्हणून दम दिला होता. पोरीने दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि आपल्या बुद्धीने त्यांचा मेळ घातला. समोर दूध उतू जातंय, मग संपलं कसं म्हणणार? आता ती स्टोव्हजवळ उभी राहून आईकडे बघत होती, शाबासकीच्या आशेने, आणि तुळशीला तिला मारावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. पुन्हा मोरीत गेली आणि चंदूच्या, म्हणजे नवऱ्याच्या, कारखान्याच्या शर्टाची कॉलर फाटेस्तोवर घासली.

बरं, ती वही काही हौसेने आलेली नव्हती. अठ्ठ्याऐंशी साली चंदूच्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा घरात साठलेले म्हणून एकशे दहा रुपये होते. एकशे दहा! चौदा वर्षांच्या नोकरीनंतर. टाळं साडेतीन महिन्यांनी उघडलं, तोवर तिच्या पाटल्या गेल्या, मंगळसूत्रातल्या वाट्या तेवढ्या राहिल्या, आणि वाण्याच्या पायरीवर उभं राहून बायकांसमोर ‘पुढच्या सोमवारी नक्की’ म्हणायचं नशिबी आलं. त्या पायरीचा दगड तिला अजून तळव्याला जाणवायचा. त्याच दिवसांत ती उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये मोहिनीभाभीकडे जायला लागली. भाभीच्या घरामागे जीन पँटी शिवायचा कारखाना होता, तिथून तयार पँटींचे गठ्ठे आणायचे, घरी बसून शिलाईचे सुटलेले धागे कातरायचे, नगाला पंधरा पैसे. निळा रंग बोटांच्या पेरांत असा बसला की भाकरी थापतानाही जायचा नाही. पैसे देताना भाभी त्यातले पाच रुपये नेहमी वेगळ्या हाताने द्यायची. “ये पाँच तेरा नहीं है,” म्हणायची. “पहले इसको सुला दे, बाद में बाकी को नचा.” सिंधी बाई, फाळणीत आईच्या कडेवर बसून नेसत्या कपड्यानिशी आलेली; तिचं ऐकायचं नाही तर कुणाचं? तुळशीने दोनशे पानी वही आणली. पगारानंतरच्या रविवारी तिघं चटईवर बसायची. मीनल एकेक सदर मोठ्याने वाचायची, दूध, राशन, भाडं, शाळा, दवाखाना, सण, कुळगाव, आणि प्रत्येकाला तिघांनी ‘हो’ म्हणायचं. चंदू पहिल्यांदा हसला, मग चिडला, मग एका रविवारी आपण होऊन म्हणाला, “माझी तंबाखू अर्धी करा.” त्या दिवशी तुळशीला नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की तिने त्याला गोडाचा शिरा केला आणि शिरा ‘सण’मध्ये लिहिला. कुळगाव म्हणजे तिथे उठत असलेल्या चार मजली इमारतीतली एक खोली नि स्वयंपाकघर. एकतीस हप्ते भरून झाले होते, एकही चुकला नव्हता. चाळीतल्या बायका तिला बजेटबाई म्हणायच्या. दिल्लीचं बजेट वर्षातून एकदा, हिचं महिन्याच्या महिन्याला, म्हणून नळावर खिदळायच्या. म्हणा खुशाल! तिला त्याचं काडीचं वाईट वाटत नव्हतं. मोहरीएवढीसुद्धा लाज वाटत नव्हती.

आणि ‘आलंगेलं’ हे सदर तर तिचंच डोकं. चहा-साखर-दूध जातं कुठे हे शोधताना तिला कळलं की ते माणसांत जातं. आज हा, उद्या तो, चाळीत तर दार उघडंच, कुणीही ओठ ओले करायला आत. तिने वीसचा आकडा ठरवला आणि रेघा मारायचं काम मीनलकडे दिलं, तांबड्या पेन्सिलीने. पोरीला ते फार आवडायचं. पाहुणा उंबऱ्यात दिसला की पेन्सिल हातात. तुळशीला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. आज धुणं वाळत घालताना मात्र एकदम दिसलं की तिची मुलगी माणसाचं तोंड बघायच्या आधी वही बघते. आणि मग दिसली ती उलटी वही. बाप चौथी शिकलेला, पोथी वाचणारा, त्याने वही उलटी धरली. हात हवेत पडला. दिवाळीत बोलला होता ना तो, ‘एका डोल्यात धुकं हाय, डागतर बोललाय कापावा लागंल’? आणि ती दुसरी पिशवी! तासाभरासाठी आलेला माणूस पिशवीत घोंगडी घालून आणतो? काठ बाहेर आला होता, काळा, तिच्या ओळखीचा. बाप राहायला आला होता. डोळा करून घ्यायला लेकीकडे आला होता आणि वीस रेघा बघून, न दिसणाऱ्या वीस रेघा बघून, ‘बरोबर हाय’ म्हणून निघून गेला. तिला वाळत्या चादरीआड उभं राहून रडू आलं, आणि रडताना संताप आला, कुणाचा ते तिला ठरवता येईना. हा तोच बाप, ज्याने मीनल होईपर्यंत लेकीच्या घरच्या पाण्याला तोंड लावलं नव्हतं. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं खायचं-प्यायचं नाही हा त्यांच्यातला नेम. पाच वर्षं तो आला की चाळीच्या नळावर ओंजळीने पाणी प्यायचा. नात झाल्यावर त्याने पहिला चहा इथे घेतला तेव्हा बशी दोन्ही हातांनी धरली होती. त्या नातीनेच आज सांगितलं, संपलं म्हणून.

चंदू चारला पाळीवरून आला. तिने सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता, आणि शेवटी म्हणाली, “मी उद्या चामटोलीला जाते. त्यांना घेऊन येते. पंधरा दिवस राहतील.” चंदू बुटाच्या नाड्या सोडत होता. “आण की. मी नको म्हणतो का?” मग दुसरा बूट. मग म्हणाला, “ताईला मात्र तू दिला नाहीस.”

झालं! हेच ते. हे वाक्य श्रावणापासून घरात होतं, फक्त कुणी बोललं नव्हतं. ठमाबाई, चंदूची थोरली बहीण, विधवा, कुळगावात एकटी राहून भाजी विकणारी. श्रावणात आली तेव्हा वीस भरले होते. मीनलने शिकवल्याबरहुकूम ‘दूध संपलं’ म्हटलं. ठमाबाईने झाकल्या पातेल्याकडे एकदा पाहिलं, पाणी प्यायली आणि उठली. चंदू खाटेवर होता, त्याने फरशीकडे पाहिलं. आणि तुळशीला तेव्हा, खोटं कशाला बोला, जिंकल्यासारखं वाटलं होतं. नियम म्हणजे नियम, नणंद असली म्हणून काय झालं! ठमाबाई त्यानंतर आली नाही. “तेव्हा टाळेबंदीचा धसका होता,” तुळशी म्हणाली. “टाळेबंदी अठ्ठ्याऐंशीला होती, तुळशी. ताई आली ती गेल्या श्रावणात.” “मग काय, बाप आंधळा होऊ देऊ?” “मी तसं म्हटलं का? मी आपलं सांगितलं.” तो आपलं सांगायचा आणि गप्प बसायचा. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. “नि कुळगावचा हप्ता?” त्याने हळूच विचारलं. “या महिन्याला नाही भरायचा,” ती म्हणाली. एकतीस महिन्यांत असं वाक्य तिच्या तोंडून आलं नव्हतं. “पुढच्या महिन्याला दोन भरू. मी भाभीकडून दुप्पट माल आणीन. बिल्डरला काय सांगायचं ते मी सांगते.” चंदूने तिच्याकडे पाहिलं आणि ‘हो’ म्हणाला, रविवारच्या चटईवर म्हणतो तसं.

चामटोलीला बाप ओट्यावर वाल निवडत बसला होता. डोळ्यांनी नाही, बोटांनी. किडका दाणा बोटाला लागला की बाजूला. भावजय गंगू आतून धावत आली आणि तुळशीला दाराआड ओढून म्हणाली, “वन्सं, शुक्रवारची तारीख दिलीय उल्हासनगरच्या दवाखान्यात. धुरात राहायचं नाय बोललेत, नि आपल्याकडं तं चूल. तुमच्याकडं राहीन बोलून गेलं, नि दुपारचं परत. आता बोलतात, कापायचाच नाय डोला.” तुळशी ओट्यावर येऊन बापासमोर बसली. “बाबा, चला. घोंगडी घ्या.” त्याने निवडणं थांबवलं नाही. “तुझी पोर खोटं बोलली का?” “नाही.” “मारलंस तिला?” “नाही.” “मारू नको. चांगली पोर हाय.” “चला म्हणते ना! माझा नेम होता, मीच मोडतेय.” “बापासाठी मोरतंस?” “मोडते. मग?”

म्हाताऱ्याने हात झटकले. “ठमाबाय मना कुळगावच्या बाजारात मिलते. मी इच्यारलं, भावाकरं जातंस का नाय? तं बोलली, नाय, तिकरं दूध संपतं.” सात महिने हा माणूस हे ऐकून होता आणि एका अक्षराने बोलला नव्हता. “कवा वाईट नाय बोलली तुझं. हसली निस्ती. काल तुझी वही हाती आली तवा उमगलं मना ते हसनं. आता जावयाची भैन बिनचायची गेली त्या घरात मी पंधरा दिस खाटेवर बसून खाऊ? ती कुळगावात ऐकंल, का जनूला दूध व्हतं. नाय गो. त्यापरी धुकं बरं. मना वाटा समद्या पाठ हायती.” असा हा म्हातारा! तिला त्याचे खांदे धरून गदागदा हलवावेसे वाटले. डोळा जातोय आणि याला न्याय सुचतोय. आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं की आपण आपल्या वहीशी जसे वागतो तसाच हा वागतोय, आकडा धरला की धरला. हट्ट आला कुठून ते आता विचारायला नको. “बसा मग,” ती चिडून म्हणाली. “हलू नका इथून. येते मी.” आणि तिथून जी निघाली ती भर दुपारी कुळगावपर्यंत चालत गेली. वाटेत ‘चुकलं माझं, वन्सं’ हे वाक्य तिने पन्नासदा म्हणून पाहिलं. दर वेळी ते अर्धंच खरं वाटे. एकतीस हप्ते चुकले नव्हते. वाण्याच्या पायरीवर पुन्हा उभं राहणार नाही ही तिने घेतलेली शपथ चुकलेली नव्हती. त्याची माफी ती देवाजवळही मागणार नव्हती.

ठमाबाई दारात बसून मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती. “कोन? बजेटबाय?” “मी तुळशी, वन्सं.” “दिसतंय. माझं डोलं चांगलं हायती.” बस म्हणाली नाही. तुळशी उन्हातच उभी राहिली. पन्नासदा घोकलेलं वाक्य आलंच नाही, भलतंच आलं. “त्या दिवशी दूध संपलं नव्हतं.” “ठाव हाय मना.” “महिन्याचे वीस चहा ठरलेले असतात. तुम्ही एकविसाव्या होता.” ठमाबाईचा शिंपडता हात थांबला. “अशी गोष्ट हाय व्हय? नि इसावा कोन व्हता?” हे तुळशीला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं. पण वही तिला पाठ होती. “बिल्डरचा मुनीम,” ती म्हणाली. “हप्ता न्यायला आला होता.” “त्याला दिलास.” “दिला.” “दुधाचा?” “दुधाचा. बिस्किटं पण.”

ठमाबाईने तोंड फिरवलं. तुळशीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तिने ते पुसलं नाही, आवाजही खाली आणला नाही. “मला घर पाहिजे, वन्सं. पाहिजेच पाहिजे. त्यासाठी उद्याही वाचवीन, परवाही वाचवीन, लोक हसू देत नाही तर थुंकू देत. पण तुम्हाला त्या मुनिमाच्या मागे लावायला नको होतं. त्याचं मला वाईट वाटतं. तेवढ्याचंच वाटतं. आणि आता बाबांचा डोळा जाईल, ते म्हणतात ठमाबाई आल्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवणार नाही. शुक्रवारची तारीख आहे. मला एकटीला जमायचं नाही. चला तुम्ही.”

“त्या दिशी मी पाटीभर अलूचा पाला आनला व्हता,” ठमाबाई म्हणाली. “नि दोन परवल. ते लिवलंस वहीत?” “नाही.” “का?” “ते… विकत नव्हतं आणलं. खर्च नव्हता तो.” “मंग सदराचं नाव कशाला ठेवलंस आलंगेलं? गेलं तेवरंच लिवतंस. आलं कुठं हाय?” घरी भिंतीशी टेकवलेली बापाची पिशवी तुळशीच्या डोळ्यांपुढे आली. कालपासून तिने ती उघडलीसुद्धा नव्हती. त्यात नव्या भाताचे तांदूळ असणार, चार-पाच किलो तरी, दर वर्षी असतात, आणि एकाही वर्षी वहीत नव्हते. म्हणून तर राशनचा आकडा इतका कमी यायचा आणि ती मोहिनीभाभीला फुशारकीने सांगायची! तिला हसू आलं, रडता रडताच, नाक ओढत. “आलं लिहिलं असतं तर वीस पुरले नसते, वन्सं. तुम्हा दोघांचेच पन्नास व्हायचे.” “मंग पन्नास दे,” ठमाबाई म्हणाली, पाटीवर ओलं फडकं टाकलं आणि उठली. “निसती उनात उभी नको र्‍हाऊ. कुलूप कुठं ठेवलंय बघ. मेथी घे ती, आज कोन घेनार नाय.”

दोघी चामटोलीला परत आल्या तेव्हा उन्हं कलली होती. बाप ओट्यावरच होता, सांगितल्याप्रमाणे हलला नव्हता. वाल मात्र सगळे निवडून झाले होते. ठमाबाई अंगणातूनच ओरडली, “जनूभाव, उठा! मना अंबरनाथला चाय पियाची हाय, नि ही बाय तुमच्याबिगर देनार नाय.” म्हाताऱ्याने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं, पापण्या बारीक करून ते धुक्यातलं माणूस जोखत राहिला. “कोन, ठमाबाय? खरंच तू का?” “नाय, माझं भूत. उठा म्हनते ना!” तो भिंतीला धरून उठला. गंगूने आतून पिशवी आणून दिली. तुळशी ती घ्यायला पुढे झाली तशी त्याने स्वतःच्याच खांद्याला अडकवली, आणि तिनेही ओढाताण केली नाही. हप्ता जाणार होता. मुनीम महिनाअखेरीला येऊन तोंड वाकडं करणार होता, करू दे. एकतीस पावत्या तिच्या ट्रंकेत होत्या आणि तिला भांडता येत होतं. ओट्याच्या पायरीशी बाप थबकला, पाऊल हवेत चाचपडलं.

“वीतभर खाली, बाबा,” ती म्हणाली. तो उतरला. 

“चाय दुधाची कर गो,” जमिनीवर पाय टेकल्यावर तो म्हणाला. 

“निव्वळ दुधाची करते,” तुळशी म्हणाली. “पाण्याचा थेंब घालत नाही.”